पाण्याच्या पिशवीचं खरं माप

पुढं भांडण नको म्हणून आधीच सांगून टाकतो. भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत माझ्या बोलण्यातून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे. जाणती माणसं त्या निम्म्याचंही निम्मं करतात. आमची ही तर सगळंच वजा करते आणि मग जे काहीच उरत नाही त्यावरही शंका घेते. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हणून गळ घातली, तेव्हा ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांना विचारा, अंकात कथा-विभाग वेगळा असतो का."

मी जनावरांच्या दवाखान्यात होतो. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. पण हे नाव पूर्ण उच्चारेपर्यंत म्हैस व्यालेली असायची, म्हणून लोकांनी सुटसुटीत 'डाक्टर' केलं. आमच्या खऱ्या डॉक्टरसाहेबांना 'मोठं डाक्टर' आणि मला नुसतं 'डाक्टर'. काम म्हणाल तर लस टोचायची, अडलेली गाय मोकळी करायची, खोंड खच्ची करायचा, वासरांना जंताचं औषध पाजायचं. शहरातल्या लोकांना वाटतं, जनावराला बोलता येत नाही हीच या धंद्यातली मोठी अडचण असणार. अहो, ती तर सोय आहे. मालकाला बोलता येतं ही अडचण. गाय बिचारी कण्हते आणि मोकळी होते. मालक आधी भावकी सांगतो, मग गाय कुणाच्या दावणीची ते सांगतो, मग शेजाऱ्याची नजर लागल्याचं सांगतो, आणि निघताना उंबऱ्यात म्हणतो, "आन् हो, तिनं काल प्लास्टिकची पिशवी खाल्ली."

वेल्ह्यात एका म्हशीनं मला अशी लाथ हाणली होती, की मी उडालो तो थेट मार्गासनीच्या फाट्यावर पडलो. तिथंच एसटी मिळाली, त्यामुळं घरापर्यंतचं अर्धं तिकीट वाचलं. आमचं घर वरव्याला, नसरापूरजवळ, म्हणजे म्हशीनं दिशा तरी बरोबर धरली होती. ही गोष्ट सगळा तालुका मान्य करतो. एका वासराच्या पोटातून मी जंत काढले, ते एवढे लांब की मालकानं त्यांचं दावं वळून त्याच वासराला बांधलं. तेही लोक माना डोलावून ऐकतात. पण जनावराच्या अंगातला जंत माणसाच्या अंगात शिरतो म्हणालो, की लगेच म्हणतात, "डाक्टर, आज जरा जास्तच झाली."

आंबवड्याच्या एका भजनी बुवांचं बघा. पावसाळ्यात अनवाणी भटकून आले आणि पावलावर लाल रेघ उमटली. वळणावळणाची, वरंधा घाटासारखी. रोज उठून बघावं तर रेघ पुढं सरकलेली. बुवांनी सर्पदोष काढला, अंगारा लावला, तरी रेघ चालतेच आहे. मी म्हटलं, "बुवा, हा कुत्र्याच्या पोटातल्या जंताचा पोरगा. ओल्या मातीतून तुमच्या कातडीत शिरला, पण माणसाचं अंग त्याला अनोळखी, आतली वाट सापडत नाही, म्हणून कातडीखालीच चकरा मारतोय." बुवा टाळ खाली ठेवून हसले. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि रेघ थांबली. गुण अर्थातच अंगाऱ्याला मिळाला.

यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही. घाट सोडून.

आता खरी गोष्ट सांगतो. तोरण्याच्या अंगाला, डांबरी रस्ता दमून बसतो तिथून पुढं चढावर एक धनगरवाडा होता. चार घरं, मेंढरं, थोडी गुरं. तिथला कारभारी कोंडिबा. माणूस उंच, रागीट, आणि मनानं इतका हळवा की स्वतःच मेंढरू टोचायला आणायचा आणि सुई बघून तोंड फिरवायचा. त्याची बायको बायजाबाई. त्यांचा मुलगा संतोष, नसरापूरकडं टेम्पो चालवायचा. आणि घरातला चौथा माणूस म्हणजे त्यांचा कुत्रा, फौजदार. त्याचा एक कान बिबट्याशी झालेल्या बोलाचालीत फाटला होता. बिबट्याचं काय फाटलं ते विचारायला अजून कुणी गेलेलं नाही. फौजदार झोपायचा बायजाबाईच्या घोंगडीच्या कडेला. ती भाकरी मोडायची तेव्हा पहिला तुकडा त्याला हातानं भरवायची, आणि तो चाटायचा तोच हात लुगड्याला पुसून पुढची भाकरी थापायची.

त्या बायजाबाईच्या उजव्या बरगडीखाली गोळा आला. आधी नुसतं जड वाटायचं, मग दुखायला लागलं, मग जेवण तुटलं. संतोषनं तिला टेम्पोत घालून डॉक्टरीणबाईंकडं आणली. त्यांनी पोटाची सोनोग्राफी करून घेतली आणि मला फोन केला. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण फोनवर सूर मात्र माझ्या सासूचा.

"काका, त्या वाड्यावर मेंढरं आहेत? आणि कुत्रा?"

"दोन्ही आहेत. कुत्र्याचा हुद्दा माझ्यापेक्षा वरचा आहे."

"थट्टा नंतर करा. लिव्हरमध्ये पाण्याची पिशवी आहे. कुत्र्यापासून येते ती. पुण्याला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करावं लागेल. ते लोक तयार नाहीत. त्या वाड्यावर पोट चोळणारी बाई येणार आहे म्हणे."

"गंगूआत्या," मी म्हटलं.

"तिनं चोळलं आणि पिशवी आत फुटली, तर पेशंट इथपर्यंत पोचणारसुद्धा नाही. तुम्ही जा. तुमचं ऐकतील."

माझं ऐकतील! बाई तालुक्यात नवीन होत्या.

गंगूआत्या म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. कुणाला वायगोळा उठला, कुणाची बेंबी सरकली, कुणाची नस आखडली, की आत्या तेलाची वाटी घेऊन हजर. तिचा अंगठा एकदा पोटात रुतला, की माणसाला सात पिढ्यांचे पूर्वज दिसायचे आणि दुखणं त्यांना भिऊन पळून जायचं. पुष्कळांना बरंही वाटायचं. तिची बोटं खरोखर हुशार होती. म्हणून तर मला धास्ती होती. अडाणी हाताला थांबवता येतं, पण नावाजलेल्या हाताला कोण थांबवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निघालो. रस्ता संपला तिथं मोटरसायकल ठेवली आणि चढ चढलो. वाड्यावर पोचतो तर जत्रा भरलेली. बायजाबाईला बरं वाटावं म्हणून कोंडिबानं देवाला सोडलेलं जुनं बकरं आज कापलं होतं. धनगर मेंढ्यालाही बकरंच म्हणतात. चांगला म्हातारा, शिंगं वळलेला मेंढा. जांभळाच्या फांदीला टांगून कोंडिबा त्याला सोलत होता. ओट्यावर घोंगडीवर बायजाबाई पडलेली, पिवळी पडलेली, डोळे मिटून. तिच्या उशाशी गंगूआत्या तेल कोमट करत बसलेली. आणि झाडाखाली फौजदार, पंगतीत पहिलं पान मांडल्यासारखा ताठ.

"या डाक्टर," कोंडिबा म्हणाला. "वरव्यापतोर वास आला म्हनायचा."

"कोंडिबा, तिला चोळायचं न्हाई."

"का वो?"

आणि मग मी खरं सांगितलं. आयुष्यात एवढं खरं एका दमात मी कधी बोललो नव्हतो. सांगितलं, की कुत्र्याच्या आतड्यात एक जंत असतो, तिळाएवढा. त्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात, त्याच्या केसांवर लागतात. मेंढरानं ते गवत खाल्लं की त्याच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, नाहीतर फुप्फुसात पाण्याची पिशवी धरते. ते काळीज कुत्र्यानं कच्चं खाल्लं की पिशवीतल्या बारीक कणाकणाचा पुन्हा जंत होतो. हे असं कुत्रं आणि मेंढरू, मेंढरू आणि कुत्रं, त्या दोघांत चाललेलं असतं. माणूस मधे चुकून सापडतो. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तोच हात तोंडात गेला, की पिशवी माणसाच्या पोटात. वर्षानुवर्षं गपचूप वाढते. नारळाएवढीसुद्धा होते.

 मग कोंडिबाच्या खांद्यांना हसू फुटलं. सुरी हातात ठेवून तो झाडाला टेकला.

"तिळाएवढ्या किड्यापासनं नारळाएवढी पिशवी! डाक्टर, म्हशीच्या लाथंचं आमाला पटलं हुतं. ह्ये न्हाई पटत."

"आबा, दवाखान्यातल्या बाईबी त्येच म्हनत हुत्या," संतोष मधे बोलला.

"त्यास्नी ह्येनीच सांगितलं आसंल!"

गंगूआत्यानं तर वर बघायचेही कष्ट घेतले नाहीत. "वायगोळा हाय," ती म्हणाली. "बरगडीखाली चढून बसलाय. दाबून खाली आनला की बाय उद्या मेंढरामागं जाईल."

"आत्या, आत पाणी आहे."

"तुमी म्हशीचं बगा, डाक्टर. बायांचं मला कळतं." आणि तिनं तेलात बोटं बुडवली.

मला त्या क्षणी माझ्या सगळ्या जुन्या गोष्टींचा राग आला. मार्गासनीच्या फाट्यावर पडलो नसतो, निदान अलीकडं कुठंतरी पडलो असतो, तर आज माझ्या शब्दाला थोडं वजन असतं. घोंगडीवर एक बाई मरणाच्या कडेला पडलेली, आणि मी खरं बोलतोय तर सगळा वाडा हसतोय.

इतक्यात कोंडिबानं बकऱ्याचं काळीज बाहेर काढलं. आणि त्यानं जे केलं ते त्याचा बाप करायचा, आजा करायचा, सगळेच धनगर करत आलेत. देवाचा निवद वेगळा काढला. मग काळीज उलटंपालटं करून नीट बघितलं. ज्या भागाला पाण्याचे फोड धरले होते, तो भाग सुरीनं स्वच्छ कापून बाजूला घेतला. माणसाच्या पोटात खराब तुकडा जायला नको, ही काळजी. आणि तो तुकडा फौजदाराच्या दिशेनं टाकला. देवाच्या नंतर आणि माणसाच्या आधी कुत्र्याचा वाटा, तो कच्चाच. राखण त्यानं केलेली असते, त्याचा मान पहिला. एवढ्या मायेनं, एवढ्या निगुतीनं कुणी रोग पेरत असेल असं बाहेरच्याला खरं वाटणार नाही.

तुकडा हवेत होता तेव्हा फौजदारानं उडी मारली. मीही मारली. आता इथं तुम्ही वजाबाकी करणार हे मला ठाऊक आहे, पण साक्षीदार आहेत. काळजाचं एक टोक फौजदाराच्या दातांत, एक माझ्या हातात. त्याचे दात माझ्यापेक्षा जास्त आणि सगळे स्वतःचे. पण मी जन्मभर अडलेल्या म्हशींची रेडकं ओढलेली. जांभळाभोवती आमच्या दोन फेऱ्या झाल्या. कोंडिबा ओरडत होता, "आवो डाक्टर, तुमालाबी वाटा देतो की! त्येचा कशापाई खाता?"

शेवटी त्याच्या दातांत एक चिंधोटी उरली आणि माझ्या हातात बाकीचं आलं. फोड शाबूत होता. मोठ्या लिंबाएवढा, पांढरट, ताणलेला. मी तसाच ओट्यावर चढलो आणि गंगूआत्यापुढं बसलो.

"आत्या, मी खोटारडा आहे, मान्य. पण तुमची बोटं खोटं बोलत नाहीत. डोळे झाका आणि हे चाचपून सांगा, काय आहे."

तिनं माझ्याकडं संशयानं पाहिलं, पण बोटांची स्तुती कुणाला नको असते? तिनं डोळे मिटले. तेलकट बोटं फोडावरून फिरली. कपाळाला आठी पडली. 

"वायू न्हाई," ती म्हणाली. "वायू सरकतो. ह्ये जाग्यावर हाय. आत पानी हाय. दडस, घट्ट बसलंय."

"बायजाबाईच्या बरगडीखाली काय लागलं होतं?"

तिची बोटं फोडावरून पुन्हा एकदा फिरली.

"आता दाबा," मी म्हटलं. "तिला दाबणार होता तसंच."

आत्याचा अंगठा रुतला, आणि पिशवी फुटली. पाण्याची अशी चिळकांडी उडाली, की आत्याचं तोंड, माझा चष्मा, कोंडिबाचं पागोटं, सगळं एका फटक्यात भिजलं. तोरण्यावर ढग फुटला म्हणून खालच्या गावात लोकांनी वाळवण उचललं म्हणतात. फुटलेल्या भोकातून एक पांढरी, थरथरती, उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती असते तशी कातडी घसरून आत्याच्या तळहातावर आली.

कुणी हसलं नाही.

"हे मेलेल्या बकऱ्याचं," मी म्हटलं. "जित्या माणसाच्या पोटात हे पाणी असं उडालं तर अंगाला मानवत नाही. श्वास कोंडतो, नाडी बुडते. आणि वाचलंच माणूस, तर पोटभर नव्या पिशव्या धरतात."

गंगूआत्यानं पदरानं तोंड पुसलं. तेलाची वाटी उचलून लांब सारली. मग बायजाबाईच्या बरगडीखाली हात ठेवला. ठेवला म्हणजे काय, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ठेवतात तसा. बराच वेळ तिनं तो तसाच राहू दिला.

"त्येच हाय," ती म्हणाली. "कोंडिबा, हिला आता कुनी बोट लावलं तर माज्याशी गाठ हाय. ऱ्हावू दे ते तुजं देवाचं. टेम्पो काढ." मग माझ्याकडं वळून हळूच, "डाक्टर, ह्ये माज्या त्वांडावर उडालं. मला काय हुनार न्हाई ना?"

होण्यासारखं काही नव्हतं. पण म्हशीचं बघायला सांगितल्याचं मी अजून विसरलो नव्हतो. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आभाळाकडं बघितलं आणि म्हटलं, "साबणानं धुवा. दोनदा." आत्यानं चार वेळा धुतलं.

इकडं कोंडिबाच्या डोक्यात हिशोब हळूहळू जुळत होता. तो कुत्र्याकडं बघत होता. फौजदार चिंधोटी गिळून मिटक्या मारत बसलेला.

"म्हंजी ह्येनं दिलं," कोंडिबा म्हणाला. "आमच्या घरातलं खाऊन आमच्याच बाईला." आणि त्यानं कुडाला लावलेला कोयता ओढला.

तो झाडापर्यंत पोचायच्या आत ओट्यावरून आवाज आला. इतका वेळ एक शब्द न बोललेली बायजाबाई कोपरावर उठून बसली होती.

"थांबा. त्येला वाटा कुनी टाकला?"

कोंडिबा थांबला. "...म्या."

"दर साली?"

"दर साली."

"आन् त्येच्या मुंडक्यावरनं हात फिरवून न धुता भाकरी कुनी खाल्ली? म्याच ना? मंग कोयता कुनावर उगारायचा ते नीट ठरवा."

कोयता हळूहळू खाली आला. बायजाबाईला धाप लागली होती, पण ती बोलायची थांबली नाही. "म्या जाती हास्पिटलात. चिरू द्या त्यास्नी काय चिरायचं त्ये. पन म्या म्हागारी येईस्तवर ह्यो जिता पायजे. न्हाईतर म्या हितनं हलत न्हाई. आन् तुमच्यावर माजा भरवसा न्हाई, रागाचं तुमी. डाक्टर, ह्येला तुमच्याकडं न्या."

तर अशा रीतीनं बायजाबाई संतोषच्या टेम्पोत पुढं बसून पुण्याला गेली, आणि मागच्या हौद्यात माझ्या मोटरसायकलीशेजारी मी आणि फौजदार बसून वरव्याला उतरलो. वाटेत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. काळजावरून झालेलं भांडण दोघांच्याही मनात होतं.

आमच्या हिनं दार उघडलं, कुत्र्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात," ती म्हणाली. "तुम्ही आधी फौजदार आणला."

त्याला जंताची गोळी देणं हे काम मी सोपं समजलो होतो. भाकरीत घातली. त्यानं भाकरी खाल्ली आणि गोळी माझ्या पायाशी आणून ठेवली, कोरडी, जशीच्या तशी. गुळात घातली. गूळ गेला, गोळी परत. शेवटी हिनं सुकटीचा लाडू वळला आणि त्यात गोळी लपवली, तेव्हा फसला. औषध दिल्यावर त्याला बांधून ठेवायचा, आणि जे बाहेर पडेल ते उघड्यावर न ठेवता खड्ड्यात चुना टाकून पुरायचं, कारण खरी भानगड त्यातच. मी फावडं घेऊन परसात उभा असायचो आणि ही खिडकीतून म्हणायची, "एवढी वर्षं सरकारी नोकरी करून शेवटी बढती मिळाली म्हणायची." हात धुण्याचं तर तिनं असं मनावर घेतलं, की त्या दिवसांत मी साबणानं निम्मा झालो होतो.

मोकळा सोडला तेव्हा आणखी तऱ्हा. फौजदाराला मेंढरं वळायची सवय. वरव्यात मेंढरं कुठली? एका दुपारी हिच्या बचत गटाच्या बायका अंगणात आल्या, तर त्यानं एकीलाही न चावता, न भुंकता, नुसत्या चकरा मारून सगळ्यांना तुळशीच्या कोपऱ्यात गोळा केलं आणि संध्याकाळपर्यंत राखलं. त्या दिवशी गटाची बैठक पहिल्यांदाच वेळेत संपली नाही अशी तक्रार आली.

हे सगळं गमतीचं चाललं होतं असं वाटेल. पण बायजाबाईला पुण्यात आधी बरेच दिवस गोळ्या दिल्या, पिशवीतला जीव मारण्यासाठी, आणि मग ऑपरेशन ठरलं. तोवर कोंडिबाचा अधूनमधून फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "त्ये हाय का?" मी म्हणायचो, आहे. "बरं." फोन बंद.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी फोन वाजला. मी आपणहून म्हटलं, "आहे, भाकरी खातोय." पण या वेळी फोन बंद झाला नाही. मग कोंडिबा म्हणाला,

"डाक्टर, तिला आत न्हेलीया. दार लावलं."

"संतोष आहे ना जवळ?"

"रगत द्यायला गेलाय. म्या एकलाच हाय." मग म्हणाला, "कायतरी सांगा."

"काय सांगू?"

"कायबी. त्ये लाथंचं सांगा."

मी अंगणात दगडावर बसलो. फौजदार येऊन पायाशी बसला. आणि मी सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी म्हैस नुसती म्हैस राहिली नाही. तिच्या शिंगांवर एसटीची पाटी अडकली होती. मी उडालो तो मार्गासनीला थांबलोच नाही, तोरण्याला एक प्रदक्षिणा घातली, वरून राजगड बघितला, गडावरच्या माणसांना हात केला. कोंडिबा पलीकडून "व्हय... व्हय..." म्हणत राहिला. तालुक्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्यातून काही वजा करत नव्हतं. मी उडायचा थांबलो नाही. खाली उतरलो असतो तर दोघांनाही त्या बंद दारापुढं उभं राहावं लागलं असतं.

मी कुठंतरी घाटमाथ्यावर तरंगत असताना पलीकडं गलका झाला. कोंडिबानं फोन कानापासून काढला असावा. मग संतोषचा आवाज आला. "डाक्टर, निघाली. न सांडता निघाली. मोसंबीएवढी हुती म्हनाले."

मोसंबीएवढी. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

बायजाबाई परत आली तेव्हा मी फौजदाराला घेऊन वाड्यावर गेलो. ती ओट्यावर बसलेली, सुकलेली, पण डोळे उघडे. त्यानं माझ्या हातातली दोरी हिसडली, धावला, आणि तिच्यापाशी जाऊन लोळण घेतली. तिनं दोन्ही हातांनी त्याचं डोकं कुरवाळलं. मग उठली, न्हाणीवर गेली, साबण लावून हात धुतले, परत आली, परत कुरवाळलं, परत हात धुतले. दिवसभर तेच. कोंडिबा दाराशी उभा होता. कुत्र्याला उद्देशून तो एवढंच म्हणाला, "आला का सायेब." आणि तोंड फिरवून मेंढरांकडं निघून गेला, सुई बघितल्यासारखा.

मी त्यानंतर थोड्याच दिवसांत निवृत्त झालो. आता फोनवर सगळं कळतं, जनावरांची गाडी दारात येते, मला कुणी बोलवत नाही. वाड्यावरची निम्मी पोरं नसरापूरकडच्या कारखान्यांत लागली, मेंढरं कमी झाली. आम्ही वाड्यावाड्यांवर पत्रकं वाटली होती, कुत्र्याला कच्चं काळीज घालू नका म्हणून. चित्रंसुद्धा होती. लोकांनी त्यात सुकट बांधली. याची खंत मला अजून आहे. चांगला कागद होता.

पण पुढच्या साली कोंडिबानं देवाच्या बकऱ्याच्या जेवणाला बोलावलं, तेव्हा मी गेलो. आसपासच्या वाड्यांवरची माणसं आली होती. जांभळाखाली दोन चुली. एक मोठी, माणसांची. एक लहान, तीन दगडांची, त्यावर एक काळाकुट्ट टोप रटरटत होता. फौजदाराचा वाटा. मान तोच, देवाच्या नंतर आणि माणसांच्या आधी, पण आता चांगला उकळून. बायजाबाई टोपाशी बसली होती, आणि फौजदार वाफेकडं बघत समोर. माझी चाहूल लागली तशी त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ही शिजवायची कल्पना कुणाची, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

कोंडिबा पाहुण्यांना गोष्ट सांगत होता. "...तिळाएवढा किडा बगा, तिळाएवढा. आन् पिशवी निगाली ती हंड्याएवढी! दोन मान्सांनी धरून भायेर आनली."

पाहुणे अचंब्यानं ऐकत होते. एक म्हातारा माझ्याकडं वळला. "डाक्टर, खरं का वो?"

मी सवयीनं तोंड उघडलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, खरं बाहेर पडलं. "नाही. मोसंबीएवढी होती."

जो हशा उसळला, तो मला उडवून देणाऱ्या म्हशीलाही ऐकू गेला असेल. "डाक्टरला वय झालं!" "आवो, मोसंबीपायी कुनी पोट फाडतं का?" कोंडिबानं तर माझ्याकडं अशा दयेनं पाहिलं की विचारू नका.

 मग मी बघितलं, की हसून झाल्यावर त्या पाहुण्यांच्यातली एक बाई उठली, टोपापाशी गेली, वाकून आत बघितलं आणि विचारलं, "किती येळ उकळायचं आसतं ह्ये?" तिच्यामागं दुसरी उठली. हंड्याएवढी पिशवी मनात बसली होती. ती आता त्यांच्याबरोबर त्यांच्या वाड्यावर जाणार होती, चित्रांच्या पत्रकांपेक्षा लांब.

मी घसा साफ केला. "हंडा म्हणजे," मी म्हटलं, "मी मघाशी भीतभीत सांगितलं, तुम्ही घाबराल म्हणून. हंडा कसला? रांजण होता."

"आता कसं!" कोंडिबा ओरडला आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

बायजाबाईनं मागं न बघता टोपात पळी फिरवली. "मोसंबी हुती," ती हळूच, फक्त मला ऐकू जाईल अशी म्हणाली. "पन तुमी चालू द्या." आणि तिनं टोपाखाली आणखी एक लाकूड सारलं.